गुरुवारचा आवाज

“खोटं होतं ते,” वाल्मीक ढमाले म्हणाला. “बहिरू काम सोडून कुठं गेला नव्हता. दरडीखाली सापडून त्याच दिवशी मेला. मला माहीत होतं.”

गोजराबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं आधी सरपंच हैबतरावांकडं पाहिलं, मग त्यांनी बरोबर आणलेल्या या पुण्याच्या पाहुण्याकडं. कपाळावरचं कुंकू सकाळीच लावलेलं, ठसठशीत होतं.

“आमचं मानूस मेलं असतं तर सरकारनं सांगितलं नसतं व्हय?” ती म्हणाली. “रेडिओवरचं ढमाले सायेब सोता कर्ण्यातनं सांगून गेल्यात. अख्ख्या गावानं आयकलंय.”

“गोजरे, हेच ते ढमाले सायेब,” हैबतराव म्हणाले.

तिनं पाहुण्याला पुन्हा एकदा न्याहाळलं. सांगताना तो दोनदा अडखळला होता.

“न्हाई. त्येंचा आवाज मला ठावा हाय,” ती म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

चोपन्न साली वाल्मीक सरकारी प्रसिद्धी अधिकारी होता. नांदे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण वाणी अशी स्वच्छ की पुण्याच्या लोकांनी ऐकत राहावं. तेव्हा डोंगर फोडून नवा रस्ता काढत होते. सुरुंग उडाला, दरड खाली आली आणि कासार आंबोलीचा बहिरू तिच्याखाली गेला. चार दिवसांनी मंत्री रस्ता खुला करायला येणार होते, आणि प्रेत काढायचं तर आठवडा लागला असता. वरून निरोप आला. वाल्मीकनं पत्रक लिहिलं: ‘दरड कोसळली, प्राणहानी नाही. बहिरू नावाचा मजूर काम सोडून निघून गेला आहे.’ मग गाडीवर कर्णा बांधून तो गावात आला आणि हेच पत्रक त्यानं दोनदा वाचलं. एकदाही अडखळला नाही. बहिरूबरोबरचे मजूर परमुलखातले. त्यांना दुसऱ्याच दिवशी लांबच्या कामावर धाडलं होतं.

त्याला शाबासकी मिळाली. ती त्याला पचली नाही. दोन वर्षं कशीबशी काढून त्यानं नोकरी सोडली आणि रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं भाष्य करायला लागला. इथं मात्र त्यानं मनाशी गाठ मारली होती. खात्री केल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचा नाही. आणे जाऊन नवे पैसे येणार म्हणाला, ते आले. देवीची साथ मुळशीकडं सरकतेय म्हणाला, पंधरा दिवसांत ती आली, आणि त्याचं ऐकून ज्यांनी पोरांना टोचून घेतलं त्यांची पोरं वाचली. चावडीतल्या रेडिओपुढं गुरुवारी जागा मिळेनाशी झाली. गोजराबाईची जागा ठरलेली होती, उंबऱ्याशी.

मग रेडिओवर सात वर्षं झाल्यावर हैबतरावांचं पत्र आलं. बिचाऱ्यांनी कौतुकच लिहिलं होतं. ‘आपण बोलता ते खरे होते असा आमच्या गावचा अनुभव आहे. आमच्याकडील एक बाई तर आपल्या शब्दावर नऊ वर्षे नवऱ्याची वाट पाहत आहे.’ वाल्मीकनं दुसऱ्याच दिवशी कासार आंबोलीची एसटी पकडली. तो रेडिओवर जितकं खरं बोलत गेला होता, तितकं त्याचं ते एक खोटं पक्कं होत गेलं होतं.

परतताना हैबतराव त्याला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.

“बावीसची हुती तवा,” ते म्हणाले. “नेरे गावचा हिचा भाऊ तीनदा आला. चांगलं घर हाय, पाट लावून देतो म्हनला. ही म्हनती, नवरा जित्ता असताना पाट कसला? अजून एकतिशीतच हाय वो. पर ती आता फकस्त रेडिओचं आयकल. दुसऱ्या कुनाचं न्हाई.”

पुढच्या गुरुवारी वाल्मीक माईकसमोर बसला. मंजूर करून घेतलेलं खतांवरचं भाष्य समोर होतं. मंजूर कागदाबाहेरचं बोलणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. लाल दिवा लागला. त्यानं कागद पालथा घातला.

चावडीत बिड्या विझल्या. पोरंसोरं गप्प झाली.

“मी वाल्मीक ढमाले,” रेडिओ म्हणाला. “चोपन्न साली कासार आंबोलीत मी... मी खोटं वाचलं. सरकारी कागद होता, पण... लिहिला मीच होता.” मग नुसताच श्वास ऐकू आला. कुणीतरी खोकल्यासारखं झालं. “बहिरू दरडीखाली... बहिरू मेला, गोजराबाई. त्याच दिवशी. त्याची वाट... वाट पाहू नका. तुमचं आयुष्य मी...”

खरखर झाली. आवाज तुटला आणि सनईची तबकडी सुरू झाली.

हैबतरावांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. चावडीतल्या बायका एकेक करून उंबऱ्याकडं वळल्या. गोजराबाई रेडिओकडं पाहत होती. सनई संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, पायांत वहाणा घातल्या. एका म्हातारीनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तो तिनं हळूच बाजूला सारला.

“ह्यो त्यो न्हवं,” गोजराबाई म्हणाली. “त्यो कंदी अडखळत न्हाई.”