काजळी

म्हातारीने आणलेली पिशवी तपासनिसाने प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडली आणि साबणाचा वास आला. गोळी लागून दगावलेल्या तिच्या धाकट्या मुलाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. त्याने कपाळावर हात मारला. “मावशी, काय करून बसलात हे? गोळी जवळून सुटली की लांबून, ते भोकाभोवतीच्या काजळीवरून कळतं. झटापटीत चुकून सुटली, असं थोरला कोठडीतून ओरडून सांगतोय. त्याला वाचवणारी काजळीच तुम्ही धुतलीत!” “इस्पितळाने माझ्याच हातात दिला. रक्ताने माखलेला शर्ट परक्याच्या हाती कसा द्यायचा, साहेब? पण थोरला खोटं बोलत नाही हो! मीच दोघांच्या मध्ये घुसले होते.” तपासनीस खुर्चीवरून ताडकन उठला. “मग काजळी तुमच्या बाहीवरही उडाली असणार! कुठं आहेत ते कपडे?” तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. “त्याच बादलीत होते, साहेब.”