काढलेली बॅटरी

माणसाने विजेला कायमची वेसण घातली आहे. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटमधल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या सुतारकामाच्या शेडमधली बॅटरीवरची जिगसॉ करवत तेवढी राहिली.

"पातं बदलण्याआधी बॅटरी काढायची!" फळी दाबून धरलेला नेव्हिल माझ्यावर खेकसला. "दहा बोटं जास्त झाली का रे, गाढवा?"

"काढलीय."

"मग गुरगुरतंय काय? तुझं पोट?"

मी मूठ उघडली. बॅटरी माझ्याच हातात होती.

टेबलावर करवत एकटीच फळी कापत होती. पेन्सिलची रेघ सोडून ती नेव्हिलच्या डाव्या हाताकडे वळली.

"हात काढ!"

"फळीला चिकटल्यासारखा झालाय, निघत नाहीये, मूर्खा!"

पातं अंगठ्यापासून बोटभर अंतरावर आलं. नेव्हिलचा आवाज एकदम मऊ झाला.

"लेस्ली, जरा बॅटरी परत घालतोस? बटण बंद करायचंय."