एकशे दोन ताप

सूनबाई हवामान खात्यात नोकरीला, आणि सासरे त्या खात्याचे घरबसले टीकाकार. पृथ्वी तापत चालल्याचं ती जेवताना सांगायला लागली, की आजोबांची तोफ सुटायची, "तापलीये म्हणे! अगं, थर्मामीटर कुठे धरता, त्यावर असतो आकडा. आम्हीही तापवू मग पाहिजे तेवढी!" शेजारी बसलेली नात हे कान टवकारून ऐकायची.

आज नातीचा गणिताचा पेपर, आणि सकाळी सकाळी तिला एकशे दोन ताप. आत्तापर्यंत पोरगी पलंगावर उड्या मारत होती, त्यामुळे तिच्या आईला तो आकडा काही पचेना.

"बाबा, तुमचा यंत्रांवर विश्वास नाही ना? मग तुम्हीच हात लावून सांगा," ती म्हणाली.

आजोबांनी नातीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गारेगार. थर्मामीटर हळूच नाकाशी नेला, तर त्याला चहाचा वास. त्यांचाच अर्धा राहिलेला कप नातीच्या उशाशी होता.

खरं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर खिडकीत गेली. नातीबरोबरचा कालचा बुद्धिबळाचा डाव तिथे अजून मांडलेलाच होता. कितीतरी दिवसांनी आजोबा जिंकायला आले होते, आणि नात शाळेत गेली म्हणजे डाव पुन्हा लांबणीवर.



"काहीतरीच काय बोलतेस, सूनबाई!" आजोबा कडाडले. "यंत्र कधी खोटं बोलतं का?"