पाकिटातली खेळी

बुद्धिबळात दादा वर्षानुवर्षं एकच ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, खेळायचा. ते फोडायला धाकट्या भावानं वर्षभर गुपचूप अभ्यास केला. स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोघं भाऊच समोरासमोर आले आणि नवव्या खेळीला धाकट्यानं उंटाचा असा काही बळी दिला, की दादा डोकं धरून बसला. संध्याकाळी वेळ संपली. उरलेला डाव सकाळी. पाळी दादाची होती; रिवाजाप्रमाणे त्यानं आपली पुढची खेळी कागदावर लिहिली, पाकिटात बंद केली आणि सकाळी फोडायला पंचांकडे दिली.

घरी येताच धाकट्यानं खोलीत पट मांडला. दादानं काय लिहिलं असेल, याच्या सगळ्या वाटा तपासत बसला. जेवायच्या वेळी दादानं दार वाजवलं.

"अरे, उघड की. एकच गोष्ट सांगायचीय."

"डाव संपेपर्यंत तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही मी!"

"बरं बाबा, नको बोलूस," म्हणत दादा हसत परतला.

पहाटे दादा झोपेतच गेला. विजेता म्हणून धाकट्याचं नाव लागलं. पाकिटाची आठवण कुणाला राहते?

धाकट्याला राहिली. त्या पटापाशी त्यानं बावीस वर्षं डोकंफोड केली. काल म्हाताऱ्या पंचांना कपाट आवरताना ते पाकीट सापडलं, तसे ते स्वतः घेऊन आले. त्यानं ते फोडलं.

"मी डाव सोडला. चारचौघांत सांगायला जीभ रेटेना. उंट झकास दिलास, लेका."

म्हणजे दार वाजलं, तेव्हा डाव कधीच संपला होता.