बाभळीवरचा मुंजा

"'महोदय, मी आता आपणास गिळणार आहे,' असं हडळ नम्रपणे म्हणाली," शिवशंकरनं घरात टेबलाशी बसून मोठ्यानं वाचलं आणि स्वतःच खुदकन हसला.

अंगणातल्या बाजेवरून आधी खोकला आला, त्याच्यामागून चांगुणाआत्याचा आवाज. "हडळ असं बोलती व्हय रं?"

"इंग्रजीत असंच बोलती, आत्या."

पुस्तक सव्वाशे वर्षांचं. राणीच्या राज्यातल्या कुठल्याशा साहेबानं आपल्याकडची भुतंखेतं गोळा करून इंग्रजीत नेऊन ठेवलेली. देताना रद्दीवाले पाशामियाँ म्हणाले होते, "किताब का वजन किया, भूतां का नहीं किया. ले जाव." तेव्हापासून बारावीच्या दोन बॅचच्या मध्ये शिवशंकर एक भूत वाचायचा. साहेबाची भुतं इतकी सभ्य की पुढची बॅच नकोशी व्हायची.

आज मात्र तो कामासाठी वाचत होता. भूकंपात गावाकडचं घर अंगावर घेऊन आत्या लातूरला आली, त्याला अडीच महिने झाले. एकदाही ती छताखाली आली नव्हती. क्लासची पोरं आत बसायची, पण चपला घालून, पळायला बरं म्हणून. आत्या चपला घालूनही येईना. आणि सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, खोकला छातीत उतरलाय, आता एक रात्रही उघड्यावर नको.

समजावून झालं. रागावून झालं. स्लॅबमध्ये लोखंड किती पडलंय तेही सांगून झालं.

"माझ्या घराला सागवान होतं," आत्या म्हणाली होती.

पण हडळीचं बोलणं ऐकून ती बाजेवर उठून बसली, हे शिवशंकरनं पाहिलं. त्यानं पुढचं वाक्य मुद्दाम हळू वाचलं. "मग ती वडावर जाऊन खुर्चीवर बसली."

"कशावर?" आत्या पायरीपाशी आली. "वडावर खुर्ची? आन् कुणी चढवली?"

"लिहिलंय तसं वाचून राहिलो."

"येडंच दिसतंय साहेब. वाच पुढं."

पुढं मात्र साहेब सुधारला. हडळीचे पाय उलटे, केस मोकळे, चुन्याला घाबरणारी. दोन पानं झाली तरी एक चूक नाही. आत्या उंबऱ्यावर बसून समाधानानं मान हलवत होती. पाय अंगणातच. शिवशंकरला साहेबाचा भयंकर राग आला.

त्यानं पान उलटलं. नवी गोष्ट मुंजाची होती. मुंजा पिंपळावर होता, अगदी जिथं असायला हवा तिथं.

"एका गावात," शिवशंकरनं वाचलं, "बाभळीवर एक मुंजा राहत असे."

आत्या उभी राहिली.

"बाभळीवर?"

"हाव."

"काट्यात? मुंजा?" आत्या सरळ आत आली, टेबलापर्यंत. "दाखव कुठं लिवलंय!"

आत्याला अक्षर येत नव्हतं. शिवशंकरनं एका ओळीवर बोट ठेवलं. मग ते खालच्या ओळीवर सरकवलं. आत्यानं ओळ पाहिली नाही, बोटाकडं पाहिलं.

"खोड ते," ती म्हणाली.

शिवशंकरनं पेपर तपासायचा लाल पेन घेतला आणि साहेबाचं एक बिनचूक वाक्य खोडलं.

बाहेरून डाळमिलचा ट्रक गेला. टेबलावरचा स्टीलचा पेला किणकिणला. दोघंही हलले नाहीत. ट्रक लांब गेला, पेला गप्प झाला. आत्यानं वर स्लॅबकडं एकदा पाहिलं, मग भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"खरं सांग रं शिवा, पिंपळावरच हाय न्हवं त्यो?"

शिवशंकर पुस्तकाआडून म्हणाला, "हाव."

"मला वाटलंच. इतका येडा नसतोय साहेब." आत्यानं पाय लांब केले. "गोधडी आण माझी आत."