बाकं भरेपर्यंत

"वारा आहे. फेरी रद्द," खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्यानं पाटी फिरवली.

तिनं वळून पाण्याकडे पाहिलं. परातीत ओतलेल्या तेलासारखं ते निपचित पडलं होतं. धक्क्यावरचा कंपनीचा झेंडा काठीला बिलगून झोपला होता. शेजारच्या अंडीवाल्या मावशीच्या टोपलीतून एक पीस सुटलं आणि सरळ खाली, तिच्या पायाशी येऊन पडलं.

"कुठाय वारा?" तिनं विचारलं.

"असेल वर, ऑफिसात," मावशी म्हणाली. "निम्मी बाकं भरली नाहीत की या कंपनीला वारा लागतो बाई. भरली की आपोआप पडतो. नवीन दिसतेस."

ती नवीन नव्हती. समोरच्या बेटावरच ती जन्मली होती. ती लग्न होऊन गेली तेव्हा बोट एका माणसासाठीही सुटायची. कंपनी नंतर आली. धक्क्यावरून बेटावरची झाडं दिसत होती, झाडांमधून घराचं लाल छप्पर दिसत होतं. माहेर डोळ्यांना पोचत होतं, पायांना पोचत नव्हतं.

पहाटे दादाचा फोन आला होता. "आबा तुलाच हाका मारतायत. नजर दाराकडे लागलीय. निघ लवकर." ती तशीच निघाली होती. वाटेत तिनं आत्यालाही कळवलं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, धक्क्याजवळच्याच गल्लीत राहायची. पाण्याची तिला अशी भीती, की जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नाही. "मी कशी येऊ गं?" आत्या रडवेली झाली होती. "त्याला म्हणावं, सोंगं पुरे. बरा हो आणि नेहमीसारखा तूच ये."

तिनं पुन्हा दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बेटावर रेंज अशीच, आली तर आली.

ती खिडकीशी गेली. "भाऊ, माझे वडील आजारी आहेत हो. हवी तर रिकाम्या बाकांची सगळी तिकिटं मी काढते. पण बोट सोडा."

कारकुनानं मान वर केली नाही. "वारा काय तिकिटं बघून थांबतो का ताई? पुढच्या फेरीला बघू. आम्हाला प्रवाशांची काळजी असते."

"काळजी!" मावशी मागून म्हणाली. "एवढी काळजी तर माझ्या सासूलाही नव्हती माझी."

धक्क्यावरचे चार लोक हसले. तिला हसू आलं नाही. ती काठावर जाऊन उभी राहिली. खाली दोरखंडाला बांधलेली बोट जागच्या जागी उभी होती, आणि बोटीतली बाकं उन्हात तापत होती. ती बाकं आबांच्या हातची होती. आबा सुतार. या तीरावर आणि त्या तीरावर, त्यांनी दार बसवलं नाही असं घर शोधावं लागेल. ही बाकं करताना ते प्रत्येक कड तळव्यानं घासून बघायचे. ती लहान होती, भुशात खेळायची. "कड टोचली ना, तर माणूस शेजारच्याला जागा देत नाही," आबा म्हणायचे. "बाक असं हवं, की बसलेल्याला आपण होऊन सरकावंसं वाटलं पाहिजे."

दुसरी फेरीही वाऱ्यानं नेली. ऊन डोक्यावर आलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली आणि मनात एकच धोशा लावला. माणसं येऊ देत. कुणाचीही येऊ देत, कशासाठीही येऊ देत, पण बाकं भरतील एवढी येऊ देत.

आणि माणसं आली.

गल्लीच्या वळणावरून आधी दोघं-तिघं, मग घोळका, मग घोळक्यामागून घोळका. ती ताडकन उठली. "भाऊ! बघा, माणसं आली! बघा किती आली!"

कारकुनानं खिडकीतून मान बाहेर काढली. गर्दीवर एक नजर फिरवली. मग निवांतपणे पाटी सरळ केली.

"वारा पडला," तो म्हणाला.

फळी टाकली तशी सगळ्यांत आधी तीच धावत चढली. पुढचं बाक गाठलं. छातीत धाप आणि ओठांवर, सकाळपासून पहिल्यांदा, हसू. आबा, आलेच. एवढं पाणी ओलांडलं की आलेच. अनोळखी असले तरी या सगळ्यांचे पाय धरावेत असं तिला वाटलं, आणि तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

कुणाच्या हातात पिशवी नव्हती. कडेच्या जागेसाठी कुणी भांडत नव्हतं. एवढी माणसं चढत होती, पण आवाज होता तो फक्त फळीचा. लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालक चढला. आबांच्या हाताखाली शिकलेले सुतार चढले, आज त्यांच्या कानामागे पेन्सिली नव्हत्या. अंडीवाल्या मावशीनं एकाला हळूच काही विचारलं, आणि टोपली मांडीवर घेऊन ती खाली बघत राहिली. ज्याची नजर तिच्याशी भिडली, त्यानं ती वळवली.

सगळ्यांत शेवटी, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून, डोळे गच्च मिटून आत्या चढली. पुढच्या बाकावरची माणसं आपण होऊन सरकली. आत्या तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. बोटीचा दोर सुटला.

"आत्या? तू? बोटीत?"

"दर वेळी तोच यायचा ना गं माझ्याकडे," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "आता मलाच जायला हवं."