बळवंतरावांचा कान

"खुर्ची अशी नको, उलटी फिरव," बळवंतराव म्हणाले. "वाजवणाऱ्याकडे पाठ हवी. डोळे मध्ये आले की कान लबाडी करतात. छत्तीस वर्षं रेडिओत हेच केलं मी."

नचिकेतने मुकाट्याने खुर्ची शोकेससमोर नेली. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या फ्लॅटमध्ये आवाजाच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा. त्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मागे ट्यूबवर चालणारे दोन गिटार अॅम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवले होते. दिसायला अगदी जुळे. एक होता तसाच. दुसऱ्याच्या पोटात नचिकेतने सगळं नवं भरलं होतं: कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबा. सहा महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. मित्र म्हणायचे, "यार, पार्ट बदलून टोन थोडाच बदलतो? सब मन का वहम है." म्हणू देत! आवाज सुधारला होता, याची नचिकेतला बिल्कुल शंका नव्हती. गुरुग्रामची नोकरी सोडून हेच काम करायचं, असं त्याने ठरवलं होतं. राजीनाम्याची मेल फोनमध्ये तयार होती. अडली होती ती फक्त बाबांच्या होकारासाठी.

नचिकेतच्या पायाशी, दोन्हींपैकी कुठला वाजवायचा ते निवडायची डबी होती. दाबली की लाल दिवा, म्हणजे जुना. पुन्हा दाबली की निळा, म्हणजे नवा. बाबांनी ती आधीच उलटसुलट करून बघून ठेवली होती.

आईने टीव्ही बंद केला. तो तसाही आवाजाशिवायच चालायचा. खाली अक्षरं येतात, तेवढी बाबांना पुरत. "जन्मभर आवाज ऐकून कान विटले," असं ते सांगायचे. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, समोर येऊन म्हणाली, "सुरू करतोय हं तो." मग कागद-पेन घेऊन बसली.

नचिकेतने एक तुकडा वाजवला आणि थांबला.

"जुना," बाबा म्हणाले.

दुसरा वाजला.

"नवा. काय भरदार झालाय रे!"

तिसरा, चौथा, पाचवा. बाबा एकदाही अडखळले नाहीत.

"दहापैकी दहा!" आईने कागद फडकवला.

नचिकेतचे डोळे भरून आले. त्याने गिटारवरचं बटण फिरवून आवाज पार बंद केला, फोन काढला आणि तिथल्या तिथे मेल पाठवून दिली.

"बाबा, दिला राजीनामा!"

पाठमोरे बाबा काहीच बोलले नाहीत. परीक्षा चालू असताना ते असेच गंभीर असायचे. आईने पुढे होऊन पुन्हा सांगितलं, तेव्हा ते खुलले.

"शाब्बास! मग दहावर कशाला थांबायचं? अकरा करू. शुभ असतं."

"चलो, अकरा तर अकरा!"

नचिकेतने डबी दाबली. निळा. आता कसली धाकधूक? तो मनापासून वाजवायला लागला आणि मध्येच थबकला.

गिटारवरचं बटण शून्यावरच होतं. खोलीत तारांची कोरडी टिकटिक झाली होती, आणि फ्रिजची घरघर. बाकी काही नाही. शोकेसच्या काचेत निळा दिवा लख्ख दिसत होता.

"नवा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "आणि या वेळी तर वरचे सूर बघ, कसे मोकळे वाजले!"